वाचकांचे प्रश्न : शेजारचं मांजर, आपला वाफा

मांजरांच्या घाणीवरून शेजाऱ्यांशी बिनसल्याची पत्रं सतत येत असतात. त्यातली काही या वेळी एकत्र घेतली आहेत. पशुवैद्यक, बागकाम आणि गृहनिर्माण संस्थांचा कारभार अशा तीन विषयांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत. जिथे त्यांचं एकमत झालं नाही, तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : बंगल्याच्या मागे माझे चार वाफे आहेत. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक. शेजाऱ्यांची तीन मांजरं नव्या पेरलेल्या वाफ्यातच येऊन बसतात. बी उकरलं जातं, वास सुटतो. लाल तिखट टाकून झालं, डांबरगोळ्या झाल्या, निळीच्या पाण्याच्या बाटल्या झाल्या. शेजारी म्हणतात, "मांजराला काय सांगणार?" महापालिकेत तक्रार करावी का?
— निवृत्त बँक अधिकारी, पुणे

उत्तर : "नव्या पेरलेल्या वाफ्यातच" हे तुमच्या पत्रातले कामाचे शब्द. मांजर जागा ठरवतं ते माती बघून. भुसभुशीत, वरून कोरडी, बारीक कणांची, पंजाने दोन-तीन इंच सहज उकरेल अशी माती त्याला हवी असते, आणि मेथी-कोथिंबिरीसाठी आपण नेमकी तशीच करून ठेवतो. कोकोपीट मिसळलं असेल तर मग विचारायलाच नको. शेजाऱ्यांच्या अंगणात शहाबादी फरशी असेल तर त्यांच्या मांजरांना तुमच्याशिवाय दुसरी सोयच नाही. तेव्हा तुमच्याकडची माती त्यांना नकोशी करायची आणि पलीकडे हवीशी जागा तयार करवून घ्यायची, अशी दोन्ही कामं बरोबरच करावी लागतील. नुसतं पहिलं केलंत तर मांजरं तिसऱ्याच्या बागेत जातील आणि तिथून नवं भांडण सुरू होईल.

आधी केलेले उपाय बंद करा. तिखट पंजांना लागतं, मांजर पंजे चाटतं, डोळे पुसतं आणि डोळ्यांना इजा होते. शिवाय पाणी घातलं की ते धुऊन जातं. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन मांजराला विषारी असतंच, पण ते आपण ज्या मातीत पालेभाजी लावतो तिथेही नको. काळं फिनेल तर अजिबात नको, कारण फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. कॉफीचा चोथाही कॅफिनमुळे धोक्याचा. निळीच्या बाटल्यांनी कुत्रंही हटत नाही आणि मांजरही. गल्लीत एकाच्या फाटकाशी दिसल्या म्हणून दुसऱ्याने ठेवल्या, एवढीच त्यांची कथा. संत्र्या-मोसंबीच्या साली निरुपद्रवी आहेत, पण वाळल्या की उपयोग संपतो.

आता वाफा. रबरी हातमोजे घालून विष्ठा आणि भोवतालची तीन-चार इंच माती खुरप्याने उचला, पिशवीत बांधा आणि कचऱ्याच्या गाडीत द्या. कंपोस्टच्या डब्यात टाकू नका. घरच्या डब्यात रोगजंतू मरण्याइतकी उष्णता टिकत नाही. जुना वास राहिला की मांजर त्याच जागी परततं, म्हणून ही सफाई अर्धवट सोडू नये.

पेरणी झाली की वाफ्यावर एक इंची भोकांची जस्त चढवलेली चिकन जाळी सपाट अंथरा. दर दीड फुटावर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली तार ठोका आणि वर अर्धा इंच माती भुरभुरा. मांजराने उकरायला पंजा घातला की तो जाळीला लागतो. एक-दोनदा असं झालं की ते जागा बदलतं. बिघडतं ते इथे : कडा मोकळ्या राहिल्या तर मांजर तिथूनच आत उकरतं. बिनजस्ताची तार एका पावसाळ्यात गंजते आणि तिचे तुकडे मातीत राहून हाताला लागतात. मेथी मुळासकट उपटलीत तर जाळी सोबत वर येते, म्हणून कात्रीने कापा. मुळ्यासाठी ही पद्धत नको, एक इंची भोकात तो आवळला जातो. मुळ्याच्या वाफ्यावर अर्धा इंची पीव्हीसी पाइपच्या फूटभर उंच कमानी करून त्यांवर जाळी ताणा आणि जाळीच्या कडा विटांनी दाबा.

जाळी नको असेल तर तुराट्या किंवा पऱ्हाट्या, म्हणजे तुरीची किंवा कपाशीची वाळलेली खोडं, मिळवा. नऊ-दहा इंचांचे तुकडे करून तीन-चार इंच आत खोचा, एकमेकांपासून पाच-सहा इंचांवर. बसण्याआधी मांजराला गोल फिरायला फूटभर मोकळी जागा लागते, ती मिळू द्यायची नाही. रोपं दाट झाल्यावर काड्या काढल्या तरी चालतं, कारण भरलेल्या वाफ्यात मांजर सहसा बसत नाही. दोन पिकांच्या मधला रिकामा वाफा हाच खरा धोक्याचा काळ. तेव्हा त्यावर विटांचे तुकडे, करवंट्या किंवा जाडसर पाचट पसरून ठेवा. मांजरांची वर्दळ पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त असते. म्हणून पाणी संध्याकाळी हलकं द्यावं, म्हणजे वरचा थर ओलसर राहतो. फार भिजवलंत तर कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात.

कानाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या यंत्रांबद्दल आमच्यात दुमत आहे. ब्रिटनमध्ये घेतलेल्या एका चाचणीत अशा यंत्राने बागेत मांजरं येण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं. बागकामवाल्या सल्लागारांना तेवढा फायदाही पुरेसा वाटतो. पशुवैद्यक सल्लागार म्हणतात की बहिऱ्या किंवा निर्ढावलेल्या मांजरावर पैसे वाया जातात. जाळीच्या आधी हे यंत्र घेऊ नका, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

महापालिकेचं म्हणाल तर पाळीव मांजर कुंपण ओलांडून आलं एवढ्यावरून मालकाला शिक्षा करणारं कलम नाही. पुणे महापालिकेने २०२२ पासून पाळीव मांजरांची नोंदणी सुरू केली आहे. ती शेजाऱ्यांनी केली आहे का, एवढं विचारू शकता. पण त्याआधी त्यांच्याशी पुन्हा बोला, आणि या वेळी तक्रार करण्याऐवजी एक मागणी करा. "तुमच्या मागच्या भिंतीलगत तीन बाय दोन फुटांचा वाळूचा कोपरा करू या, वाळू मी आणतो, रोज एकदा उचलायचं तुम्ही." अशा बोलण्याला "मांजराला काय सांगणार" हे उत्तर देता येत नाही. विष्ठा भिंतीवरून परत पलीकडे टाकण्याचा मोह मात्र आवरा. ते एकदा झालं की पुढची पाच वर्षं बोलणं बंद.

प्रश्न : आमच्या गडग्यावर आणि स्लॅबवर रोज घाण असते. शेजारच्या काकूंची भाटी (मांजरी) असणार असं सगळे म्हणतात, काकूंना ते मान्य नाही. वर तुळशीवृंदावनातही दोनदा घाण सापडली. तुळस काढून नवी लावायची का?
— गृहिणी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : काकूंचं म्हणणं निम्मं तरी खरं असू शकतं. मांजर सहसा मातीत उकरून झाकतं. गडग्याच्या माथ्यावर किंवा स्लॅबवर उघड्यावर, आणि त्यातही जांभळाच्या, चिकूच्या, भेरली माडाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर तो कांडेचोर म्हणजे उदमांजर. ते रात्री झाडांवरून फिरतं आणि ठरावीक उंच जागी घाण करतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे, त्यामुळे फासकी लावणं किंवा पकडणं गुन्हा आहे. छपरावर टेकलेल्या फांद्या पाच-सहा फूट मागे छाटा आणि पिकलेली फळं रात्री झाडाखाली पडून ठेवू नका, येणं कमी होतं.

पडवीत दिव्याखाली इंचभर लांबीची काळपट एकच लेंडी असेल आणि वाळल्यावर कुस्करली की त्यात किड्यांचे चकचकीत पंख दिसले, तर ती भेकाची, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकाची. ढिगाने बारीक लेंड्या, शेजारी उकरलेली माती आणि बीळ दिसलं तर घूस. या दोन्हींचा आळ मांजरावर नेहमी येतो.

वृंदावनातला प्रकार मात्र बहुधा भाटीचाच. तुळस काढायची गरज नाही. घाण आणि तीन इंच माती काढून नवी माती भरा. मग खोडाभोवती दोन इंच मोकळं ठेवून उरलेल्या जागी चिऱ्याचे सपाट तुकडे किंवा करवंट्या पालथ्या मांडा. पाणी मुरतं, पण उकरता येत नाही. धार्मिक बाजूने काय करायचं ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. आरोग्याच्या बाजूने एवढंच सांगतो की पानं वरच्या फांद्यांची खुडा आणि तीर्थात घालण्याआधी वाहत्या पाण्यात धुवा.

आणखी एक. मासळी धुतलेलं पाणी कढीलिंबाला किंवा मोगऱ्याला घालत असाल तर महिनाभर थांबवून बघा. तेच हाडांच्या चुऱ्याचं आणि मासळीच्या खताचं. वास लागला की मांजर माती उकरणारच. शेणखत आणि निंबोळी पेंड यांनी तसं होत नाही.

प्रश्न : मला चौथा महिना आहे. गच्चीवरच्या कुंड्यांत शेजारचं मांजर घाण करतं. त्याच कुंड्यांतली कोथिंबीर आम्ही खातो. सासूबाई म्हणतात, मांजर हाकलल्याशिवाय राहायचं नाही. भीती खरी आहे का?
— वाचक, ठाणे

उत्तर : भीतीला आधार आहे, पण ती मांजराऐवजी मातीची धरा. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो. बाळाला मुख्य धोका असतो तो आईला गर्भारपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. बहुतेक मांजरं आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे, हे जंतू बाहेर टाकतात. ताजी विष्ठा लगेच संसर्गजन्य नसते, त्याला एक ते पाच दिवस लागतात. मात्र नंतर ओलसर, सावलीच्या मातीत ते जंतू वर्षभरही टिकू शकतात. म्हणजे आज मांजर हाकललंत तरी कुंडीतली माती तशीच राहते.

त्यामुळे त्या कुंड्यांना तुम्ही हात लावू नका. खुरपणी, माती बदलणं, तोडणी हे सगळं घरातल्या दुसऱ्या कोणी हातमोजे घालून करावं. घाण सापडलेल्या कुंड्यांतली माती पूर्ण टाकून द्या आणि बाळंतपण होईपर्यंत त्यांत कच्ची खायची भाजी लावू नका. ब्लीचने हे जंतू मरत नाहीत, उकळतं पाणी मारतं. रिकाम्या कुंड्या त्यानेच धुवा. कोथिंबीर बाजारची असली तरी वाहत्या पाण्यात नीट धुवा आणि सध्या शिजवूनच खा. मटण पूर्ण शिजलेलं असू द्या, कारण अर्धकच्च्या मटणातूनही हाच परजीवी येतो. रक्ताची तपासणी करायची का, ते तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. आधीच होऊन गेलेली लागण त्यात कळते.

शेजाऱ्यांना हे शांतपणे सांगा. गर्भारपणाचं कारण ऐकल्यावर चार-पाच महिने मांजर घरात ठेवायला बरेच जण तयार होतात.

प्रश्न : माझा बोका दोन वर्षांचा आहे. घरात त्याच्या शी-शूसाठी ट्रे ठेवलाय, पण तो बाहेरच जातो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी "एक दिवस औषध घालीन" असं जिन्यात सगळ्यांसमोर सांगितलं. बागेतली सगळी घाण माझ्याच बोक्याची कशावरून? मी काय करू?
— नोकरदार तरुणी, नाशिक

उत्तर : काकांच्या धमकीकडे नंतर येऊ, आधी ट्रे. तुमच्या हातात असलेली गोष्ट तीच आहे.

ट्रे नाकारण्याची कारणं थोडीच असतात. ट्रे लहान असतो. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर जेवढं लांब, त्याच्या दीडपट ट्रे लागतो. मोठ्या बोक्यासाठी तो साधारण सव्वादोन फूट होतो. बांधकामाचं गोल घमेलं पिल्लापुरतं ठीक, मोठा बोका त्यात अर्धा बाहेरच राहतो. पलंगाखाली सरकवायचा प्लास्टिकचा पसरट खोका घेऊन एक बाजू पाच इंचांवर कापलीत तर स्वस्तात काम होतं. झाकणाचे ट्रे माणसांना आवडतात, पण आत वास कोंडतो आणि बरीच मांजरं ते टाळतात. ट्रेमध्ये भरायचं लिटर (मांजरांसाठी विकत मिळणारी दाणेदार माती) सुगंधी नको. थर दोन ते तीन इंचांचा हवा. सकाळ-संध्याकाळ चाळून काढायचं, आठवड्याने सगळं बदलून ट्रे साबण आणि उकळत्या पाण्याने धुवायचा. ट्रे जेवणाच्या भांड्याजवळ किंवा वॉशिंग मशीनशेजारी असेल तर जागा बदला. ट्रेंची संख्या मांजरांपेक्षा एकाने जास्त असावी, म्हणजे तुम्हाला दोन लागतील.

बोक्याला बाहेरच्या मातीची सवय आहे, म्हणून सुरुवातीला ट्रेमध्ये निम्मी बागेतली कोरडी माती आणि निम्मं लिटर घाला. मातीचं प्रमाण दोन आठवड्यांत हळूहळू शून्यावर आणा. तेवढे दिवस त्याला बाहेर सोडू नका, नाहीतर शिकवलेलं रोज पुसलं जाईल. बेंटोनाइटचं, गोळे होणारं लिटर शौचकूपात टाकू नका, ते फुगून पाइप तुंबवतं. आणि तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथत असेल, लघवीचे थेंबच पडत असतील, तर वाट बघू नका. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबणं एका दिवसात जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

निर्बीजीकरण झालंय का हे तुम्ही लिहिलेलं नाही. झालं नसेल तर ट्रेच्याही आधी ते करा. पाच-सहा महिन्यांपासून पुढे कधीही करता येतं. शेपूट ताठ करून थरथरवत भिंतीवर, दारावर, गाडीच्या चाकावर मारलेली उग्र वासाची पिचकारी ही हद्द आखण्याची खूण असते. शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांत ती बंद होते किंवा पुष्कळ कमी होते. भटकणंही घटतं. काकांचा राग बहुधा या वासाचाच असावा.

"कशावरून माझ्याच बोक्याची" हा प्रश्न रास्त आहे. तो वादाने सुटणार नाही. सोसायटीच्या परवानगीने, फक्त बागेवर रोखलेला आणि कोणाच्या खिडकीकडे न बघणारा कॅमेरा आठवडाभर लावा. निकाल तुमच्याविरुद्ध गेला तर सफाई तुमच्याकडे, एवढं आधीच कबूल करा. मग समोरचा माणूसही पुरावा मानायला तयार होतो.

आता धमकी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे कोणत्याही प्राण्याला मारणं, विष घालणं, लुळंपांगळं करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या दंड संहितेतली ४२८ आणि ४२९ ही कलमं जनावराची किंमत आणि जात बघत असत, १ जुलै २०२४ पासून तो भेद राहिलेला नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून १० ते ५० रुपयेच आहे. म्हणून तक्रार लिहिताना ३२५ चा उल्लेख मुद्दाम करा. सध्या मात्र सोसायटीच्या सचिवांना तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून एक पत्र द्या आणि पोच घ्या, तेवढं बास. काकांना त्याची प्रत पाठवायची घाई करू नका. आधी ट्रे आणि शस्त्रक्रियेचं काय केलं ते त्यांना सांगा.

विषबाधेची शंका आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उलटीचा किंवा आमिषाचा नमुना पिशवीत घेऊन थेट पशुवैद्याकडे जा. उंदीर मारायच्या काही औषधांनी दोन-चार दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो, आणि त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार वेळेत मिळाला तर मांजर वाचतं. प्राणी दगावलाच तर पुरण्याआधी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदन करून घ्या. त्याशिवाय विषबाधा सिद्ध करणं अवघड जातं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ६४ सदनिका. पार्किंगमध्ये दहा-बारा मांजरं, दोन सभासद त्यांना खाऊ घालतात. बागेत, जिन्यात, स्कूटरच्या सीटवर घाण. सर्वसाधारण सभेत "मांजरं पाळण्यास आणि खाऊ घालण्यास बंदी" असा ठराव मांडायचा आहे. मसुदा द्यावा.
— सचिव, गृहनिर्माण संस्था, डोंबिवली

उत्तर : मसुदा देत नाही, कारण तो टिकणार नाही. सदनिकेत प्राणी पाळायला बहुमतानेही बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. त्या प्रामुख्याने कुत्र्यांसाठी होत्या, पण सूत्र तेच. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशा सरसकट बंदीची कलमं बेकायदा ठरवली. मात्र इतर सभासदांना उपद्रव होऊ नये ही जबाबदारी प्राणी पाळणाऱ्यावर आहेच, आणि खाऊ घालण्याची जागा, वेळ आणि सफाई ठरवून घेणं समितीच्या हातात आहे. ठराव करायचाच तर त्याचा करा.

मांजरं पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडण्याची सूचना सभेत हमखास येईल. ती मान्य करू नका. ती क्रूरता तर आहेच, शिवाय निष्फळही. अन्न आणि आडोसा तसाच राहिला तर मोकळ्या झालेल्या जागी आजूबाजूची मांजरं येतात, तीही निर्बीजीकरण न झालेली. मांजरी साधारण नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात दोन-तीन वेळा विऊ शकते. म्हणजे सहा महिन्यांत आकडा पुन्हा तिथेच.

पहिलं काम निर्बीजीकरण. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे आणि जवळच्या प्राणी संस्थांकडे चौकशी करा. खाऊ घालणाऱ्या दोघांना या कामात पुढे करा, कारण मांजरं पिंजऱ्यात येतील ती त्यांच्याच हाकेने. पकडण्याआधी बारा तास उपास ठेवा, नाहीतर भूल देता येत नाही आणि पिंजऱ्यातही ती शिरत नाहीत. पाणी बंद करू नका. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं असतं, त्यामुळे कोण राहिलं ते लांबूनही कळतं. त्याच वेळी रेबीजची लस टोचून घ्या. पिल्लं असतील तर ती तीन महिन्यांची झाल्यावर.

दुसरं काम, मांजरांना त्यांची जागा देणं. बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात गल्लीतली सगळी मांजरं का जमतात ते आठवा. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात तीन फूट लांब, तीन फूट रुंद असा विटांचा चौकोन करा, एक फूट उंच, तळाला खडी आणि वर आठ इंच बारीक नदीची वाळू. क्रश सँडचे कण टोकदार असतात, मांजरं ती टाळतात. दहा-बारा मांजरांना असे निदान दोन चौकोन लागतील. सुरुवातीला बागेतून उचललेली थोडी विष्ठा तिथे पुरून ठेवा, वासाने त्यांना जागा समजते. रोज सकाळी चाळून काढायचं काम खाऊ घालणाऱ्यांकडे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी वाळू बदलायची.

हे सगळं नीट चालून जून उजाडतो आणि तक्रारी परत येतात. कारण असं की वाळू भिजली की मांजर कोरडी जागा शोधतं : जिना, काथ्याचं पायपुसणं, पत्र्याखालच्या कुंड्या. म्हणून चौकोनावर चार फूट उंचीवर पत्रा हवा. तो चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढा, म्हणजे पागोळ्या आणि सरी आत येणार नाहीत. हा खर्च टाळणाऱ्या सोसायट्या पावसाळाभर भांडतात.

खाण्याची जागा वाळूपासून दूर ठेवा. जिथे खातात तिथे मांजरं शक्यतो घाण करत नाहीत, म्हणून बागेचा जो कोपरा वाचवायचा आहे तिथेच भांडी ठेवण्याचा प्रयोग करून बघा. वेळ दोनदा, अर्धा तास, मग भांडी उचलायची. रात्रभर अन्न पडून राहिलं की घुशी येतात आणि त्यांचंही खापर मांजरांवर फुटतं. समितीने कोणाला दंड लावायचा विचार असेल तर आधी उपविधीत त्याला आधार आहे का ते वकिलाकडून तपासून घ्या.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडमध्ये, लेस्टरला घर घेतलं. मागच्या बागेत मेथी लावली, लेकीसाठी वाळूचा हौद केला. चार घरांची मांजरं दोन्हीकडे येतात. इथे कुत्र्याची घाण उचलली नाही तर दंड होतो, मग मांजराचं काय?
— वाचक, लेस्टर

उत्तर : मांजराचं काही नाही. तिकडचे कुत्र्यांच्या घाणीचे नियम मांजरांना लागू नाहीत, आणि मांजराने मोकळं फिरणं कायद्याने गृहीत धरलेलं आहे. उलट ते मालकाची मालमत्ता मानलं जात असल्याने त्याला इजा केली तर १९७१ चा मालमत्ता नुकसानीचा कायदा आणि २००६ चा प्राणी कल्याण कायदा असे दोन्ही तुमच्यावर येतात. १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये २० आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे आणि न केल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे बेवारस वाटणाऱ्या मांजराचा मालक पशुवैद्याकडे कळू शकतो, एवढाच तुमचा फायदा.

वाळूच्या हौदाला घट्ट बसणारं लाकडी झाकण करा आणि खेळून झालं की लगेच लावा. आधी घाण झाली असेल तर वाळू पूर्ण बदला, चाळून भागत नाही. मांजराच्या पोटातल्या जंताची अंडी वाळूत दोन-चार आठवड्यांनी संसर्गजन्य होतात आणि लहान मुलं तोंडात हात घालतात. मेथीला पुण्याच्या उत्तरातली जाळी लावा. वाफ्यांच्या मधल्या जागेत बारीक गोल खडी घालू नका, मांजरं ती उकरतात. कोनदार स्लेटचे तुकडे चालतात. मांजर जवळ आल्याचं हालचालीवरून ओळखून पाणी उडवणारा फवारा तिकडे सहज मिळतो आणि तो बऱ्यापैकी काम करतो, पण थंडीत गोठायच्या आत पाणी काढून ठेवावं लागतं.

प्रश्न : दारातल्या सिमेंटच्या पायरीवर बोक्याने केलेल्या लघवीचा वास फिनेलने जात नाही. ॲसिड टाकू का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : ॲसिड नको, आणि ब्लीचही नको. लघवीतल्या अमोनियावर ब्लीच पडलं की छातीला त्रास देणारा वायू निघतो. फिनेल नुसतं वास झाकतं. एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर घ्या, एक भाग पावडर आणि नऊ भाग कोमट पाणी असं द्रावण करा. सिमेंट सच्छिद्र असल्याने ते पायरीवर ओतून वर जुना ओला कपडा पसरा आणि दोन-तीन तास वाळू देऊ नका. मग ब्रशने घासून भरपूर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर मांजरांच्या पंजांना साबण लागतो. जुना डाग असेल तर हे तीन-चार दिवस सलग करावं लागतं. पायरी पूर्ण वाळल्यावर तिला सिमेंटसाठीचं जलरोधक सीलर मारा, म्हणजे पुढच्या वेळी लघवी आत मुरणार नाही आणि एका बादलीत काम होईल.